जोडी बाजारात नेली तेव्हा

शाळेतली पोरं तिला कंपासबाई म्हणायची. मारायची नाही ती कुणाला. प्रमेय आलं नाही की पोराच्या नाकासमोर कंपास उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. पोरगं तेवढ्यावरच प्रमेय ओकायचं. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. संसारात ज्यानं हात धरला तो नवरा लवकर गेला आणि मागं दोन खोल्यांचं घर आणि एक बहीण ठेवून गेला. घर दोघींच्या नावावर. विकायचं तर दोघींच्या सह्या लागणार, सोडायचं तर एकीनं हार मानायची. आता हार कोण मानतंय!

ती बहीण म्हणजे कंपासबाईची बिनलग्नाची नणंद. ही तिला वन्सं म्हणायची, ती हिला वहिनी. वन्संही मास्तरीणच, पण बालवर्गाच्या. त्या घरात एक वस्तू टाकू द्यायच्या नाहीत. खोकी, दोऱ्याची रिळं, बाटल्यांची बुचं, सगळं वर्गातल्या पोरांसाठी साठवायचं. कंपासबाई सकाळी अनवाणी उठली की पहिला पाय बुचावर.

"वन्सं, ही बुचं एक दिवस माझा जीव घेतील."

"वहिनी, तुझा जीव एवढ्यातेवढ्यानं जायचा नाही."

असं विळ्या-भोपळ्याचं सख्य. झोपायच्या खोलीत पंखा एकच होता. कंपासबाईला तो पाचावर लागायचा, वन्संना दोनावर. म्हणून वर्षानुवर्षं तो तिनावर फिरत होता आणि दोघी रोज सारख्याच कुरकुरत होत्या.

कंपासबाईच्या आयुष्यात मागणं एकच उरलं होतं, वन्संच्या तोंडापासून लांब एक खोली. गावातच दुसरी खोली घेतली असती तर लोक म्हणाले असते, नवरा गेला आणि नणंदेला टाकलं. पण परदेशी नोकरी लागली तर कोण काय बोलेल? उलट हार घालतील. तिच्या शाळेतली विज्ञानाची बाई अशीच गेली होती. वर्षातून एकदा मोठ्या हॉटेलात मेळावा भरतो. देशोदेशींच्या शाळांचे मुख्याध्यापक टेबलं मांडून बसतात आणि मास्तर निवडून नेतात. कंपासबाईनं मेळाव्याच्या कचेरीत फोन लावला.

कारकून म्हणाला, "बाई, एकटं माणूस, त्यात पन्नाशी उलटलेलं. अवघड आहे. जोडी असली तर बोला. शाळेला घर द्यावं लागतं ना. एका घरात दोन मास्तर मावले की त्यांचं काम होतं."

"जोडी म्हणजे नवरा-बायकोच लागतात?"

"दोघं मास्तर हवेत आणि एका घरात राहायला तयार हवेत. पुढं तुम्ही भांडा नाहीतर नांदा, आम्हाला काय!"

कंपासबाईनं फोन ठेवला. नणंदेपासून सुटायचं तर नणंदेलाच बरोबर न्यायचं. असलं उदाहरण तिनं फळ्यावर कधी घातलं नव्हतं. पण गणिती डोकं. एकदा तिकडं पाय टेकला, वर्षभर कळ काढली, की दुसरी शाळा गाठायची, एकटीची. तिनं ताटं वाढता वाढता विषय काढला.

"वन्सं, परदेशात येता का शिकवायला?"

"का? तिकडच्या पोरांना टाळ्या वाजवता येत नाहीत?" वन्संच्या शिकवण्याला कंपासबाई टाळ्या वाजवणं म्हणायची, त्याची ही परतफेड.

"चेष्टा नाही करत."

"आणि पंखा?"

"तिकडं थंडी असते म्हणे. पंखाच नसतो."

"मग येते."

हॉटेलाच्या दिवाणखान्यात सकाळपासून बाजार भरला होता. गुरांच्या बाजारात दात बघतात, इथं वय बघत होते, एवढाच फरक. शाळाशाळांच्या पाट्या, पाट्यांमागं कोट घातलेले मुख्याध्यापक, पुढं इस्त्रीच्या कपड्यांतल्या मास्तरांच्या रांगा. मेळाव्याच्या माणसानं आधीच खड्या आवाजात सांगून टाकलं होतं, की शाळेनं नोकरी देऊ केली तर संध्याकाळच्या आत हो की नाही ते सांगा. आणि हो म्हटलं की म्हटलं. शब्द फिरवणाऱ्याला पुढच्या मेळाव्याचं दार बंद.

"तुम्ही काही बोलू नका," कंपासबाईनं वन्संना बजावलं. "मी बोलते. तुम्ही नुसत्या हसा."

"हसायला तरी पूर्ण परवानगी आहे ना?"

गणिताच्या रांगा मारुतीच्या शेपटासारख्या लांब, आणि रांगेत सगळी मिसरूड फुटल्यापासून संगणक कुरवाळणारी पोरं. पहिल्या टेबलावर 'गणिताचे भरपूर आलेत' म्हणाले. दुसऱ्यावर वय विचारलं आणि गोड हसले. तिसऱ्यावर हसलेसुद्धा नाहीत. चौथ्या पाटीमागच्या मुख्याध्यापिकेनं मात्र मान वर केली.

"जोडी? नातं काय?"

"नणंद-भावजय."

"आणि एका घरात राहता?"

"वीस वर्षं."

मुख्याध्यापिका शेजारच्या मास्तरला म्हणाली, "या दोघी कुठंही टिकतील. वर घेऊन या."

मुलाखत वरच्या मजल्यावर, तिच्या राहायच्या खोलीतच. खुर्च्या दोनच, त्यांवर ते दोघं बसले. या दोघी पलंगाच्या काठावर टेकल्या, मुलगी दाखवायला आणल्यासारख्या. कंपासबाईनं आपलं सांगायला सुरुवात केली. निकाल, वर्ग, पुस्तकं. मुख्याध्यापिका मान हलवत होती, पण लग्नात दूरचा पाहुणा बोलत असावा तशी. मग तिनं वन्संकडं तोंड वळवलं.

"तुमच्या वर्गात एका मुलानं दुसऱ्याला चावलं तर काय कराल?"

"आमच्या वन्सं पालकांना बोलावतील," कंपासबाई म्हणाली.

"त्यांना सांगू द्या ना."

वन्संनी वहिनीकडं बघितलं. बोलावं तर आज्ञाभंग, हसावं तर वेडेपणा. मग त्या सरळ पलंगावरून उतरल्या आणि गालिच्यावर बसकण मारली.

"आधी मी अशी खाली बसते. चावणाऱ्यापेक्षा उंच राहिलं की तो आणखी भितो, आणि भ्यालेलंच चावतं. चावलेल्याला जवळ घेते. आणि चावणाऱ्याला काम देते." त्यांनी पिशवीत हात घातला. निघाली काय, तर बुचं! मूठभर बुचं त्यांनी गालिच्यावर ओतली. "याला म्हणते, लाल लाल वेगळी काढून दे बाबा. हात गुंतले की दात थंड होतात. मग बोलायचं."

मुख्याध्यापिकेबरोबरचा मास्तर, चांगला टायवाला, कधी खुर्चीवरून उतरला आणि लाल बुचं वेचायला लागला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. कंपासबाई वरून बघत राहिली. तिच्या तळपायात त्या प्रत्येक बुचाची ओळख होती.

दुपारी मुख्याध्यापिका खाली आली. कंपासबाई खुर्चीतून अर्धी उठली.

"बालवर्गाला माणूस मिळता मिळत नाही," मुख्याध्यापिका वन्संना म्हणाली. "तुम्ही आम्हाला हव्यात. गणिताची जागा मात्र सकाळीच भरली." मग कंपासबाईकडं वळून जरा अवघडून म्हणाली, "तुमची जोडी फोडायला वाईट वाटतं."

बाजारात असंच होतं. मालक उजव्या बैलाचं कौतुक सांगत बसतो आणि गिऱ्हाईक डावा सोडून नेतं.

दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या. वन्संनी बराच वेळ पिशवीचा बंद पिळला.

"वहिनी, तू मोठी. तू नको म्हणशील तर आत्ता जाऊन नाही सांगते. जाऊ का?"

कंपासबाईला लागलं होतं. तीस वर्षं प्रमेयं शिकवली आणि बुचांनी पाडलं! पण लागलेलं चोळत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं मनातल्या मनात उदाहरण पुन्हा मांडलं. घरात माणसं दोन. हवं आहे एक. वजा मला करा की वन्संना करा, बाकी उरते तीच.

"जा," ती म्हणाली. "आणि संध्याकाळची वाट बघू नका, आत्ताच शब्द देऊन या."

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं नव्हतं गं, तू इतकी मोठ्या मनाची असशील."

"मलाही नव्हतं वाटलं."

वन्सं गेल्या. आळीत कंपासबाईचा त्याग गाजला. शेजारीण म्हणाली, भावजय असावी तर अशी, आपली संधी नणंदेला दिली. शाळेत तर मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर तिला हार घातला. कंपासबाईनं मान खाली घालून तो घेतला. नाही कशाला म्हणायचं?

वर्ष उलटलं तेव्हा वन्संचा फोन आला.

"वहिनी, आमच्या गणिताच्या मास्तरनं नोकरी सोडली. मी तुझं नाव सांगितलंय आणि मुख्याध्यापिका हो म्हणाल्यात. घर माझंच आहे, झोपायची खोली एक, पण मोठी. ये गं. आणि तू खोटं बोललीस हं, इथं उकडतं. पंखा आहे."

"कितीवर असतो?"

"दोनावर. का?"

"काही नाही. वन्सं, माझे गुडघे हल्ली जिने चढत नाहीत. विमानाला केवढा जिना असतो!"

"अगं, ढकलत्या खुर्चीतून नेतात!"

"नको बाई. तुम्ही सुखात राहा."

फोन ठेवून ती त्याच गुडघ्यांनी तुरुतुरु झोपायच्या खोलीत गेली, भर दुपारी पलंगावर आडवी झाली. पंखा पाचावर गरगरत होता. थोड्या वेळानं अंगावर काटा आला. तिनं पायाशी पडलेली चादर ओढून हनुवटीपर्यंत घेतली, मग तिच्यावर वन्संची जुनी शालही घेतली. पण उठून बटण काही कमी केलं नाही.