दाजींचा ओरडणारा टेस्टर

लोक तिला वायरमनबाई म्हणत. वडिलांच्या हाताखाली काम शिकली, आणि ते गेल्यावर त्यांची पिशवी खांद्याला लावली ती लावलीच. लोकांच्या घरातल्या बिघाडांनी ती कधी वैतागली नाही. वैतागायची ती थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, दाजींना.

दाजींनी पेनासारखा एक टेस्टर आणला. कुठे टेकवायचा नाही, नुसता जवळ नेला की वीज ओळखून ओरडतो. भिंतीपाशी ओरडला, बटणापाशी ओरडला. दाजींनी पलंग खोलीच्या मधोमध ओढला आणि मेहुणीला बोलावून घेतलं.

"अख्ख्या भिंतीत करंट उतरलाय," दाजी म्हणाले.

"भिंतीच्या आतून वायर जाते, दाजी. चालू वायरीभोवती विजेचा प्रभाव असतो, त्यावरच हा ओरडतो. बंद वायर चालू वायरीला खेटून असली तरी ओरडतो. कितीदा सांगू?"

"म्हणजे हा खोटं बोलतो?"

"खोटं नाही, जास्त बोलतो. घरातल्या माणसांसारखा."

ताईने हसू दाबलं. "पण फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात गं."

आता ही पण! बाईने पिशवीतून आपला स्क्रूड्रायव्हरचा टेस्टर काढला, टोक फ्रिजच्या उघड्या स्क्रूला टेकवलं आणि मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवलं. वीज असली की अंगातून नखभर करंट जमिनीत जातो आणि दांड्यातला बारका दिवा लागतो. खिडकीतलं ऊन थेट हातावर पडलं होतं. दिवा काही दिसला नाही.

"झालं समाधान?" म्हणत तिने फ्रिजची धातूची मूठ धरली आणि झटका बसून मागे कोलमडली.

दाजींनी टोमणासुद्धा मारला नाही, हे तिला झटक्याहून जास्त झोंबलं.

तिने पडदा ओढून टेस्टर पुन्हा लावला. दिवा नारिंगी पेटला. मग मेन स्विच पाडून प्लग काढला. फ्रिजमागे वायरीचं आवरण घासून तार पत्र्याला लागली होती, आणि असा करंट जमिनीत नेणारी प्लगमधली अर्थिंगची तार तुटलेली. भिंतीतली वायरिंग ठणठणीत होती. तिने मुकाट्याने वायर बदलली.

"हात बरा आहे ना?" दाजींनी हळूच विचारलं.

"बरा आहे. चहा टाका."

तेव्हापासून ती टेस्टर लावताना दुसऱ्या हाताने सावली धरते. का, असं कुणी विचारलं की मात्र तिचं डोकं फिरतं.