चाळीस दिवसांचं दूध

आमचा दादा, इसहाक, पलटणीतून परत आला तेव्हा त्याचा जुना लंगोट त्याच्या कमरेला राहीना. वाढवून सांगत नाही. आईनं तो उसवून लहान केला आणि मी सुईत दोरा ओवून दिला. तीन वर्षं ब्रह्मदेशाच्या जंगलात काढून, हिवतापानं पिवळा पडून तो शेहेचाळीसच्या दिवाळीनंतर घरी आला. घरी बायको नव्हती. दीना चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात तापानं गेली होती. नदीला पूर, त्यामुळे फादरना येता आलं नाही. ती शेवटच्या प्रार्थनेवाचून गेली. दादाला पत्र मिळालं ते तीन महिन्यांनी.

जाताना तो तिला म्हणाला होता, "येतो आणि जत्रेत शेवटची कुस्ती मारतो." आता तेवढंच राहिलं होतं त्याच्याकडं.

आमचं गाव संगमनेरपासून दोन कोसांवर, प्रवरेच्या काठी. आजोबांनी धर्म बदलला, आम्ही कॅथलिक झालो, पण गावाच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो. मारुतीच्या तालमीचा उंबरा दादाला बंद. जत्रेच्या कुस्त्या मात्र नदीच्या वाळूत होत आणि तिथं फक्त कुणाची पाठ लागली एवढंच बघत. दादाला पैलवान केला तो पुंजाराम वस्तादांनी. बारा वर्षांच्या इसहाकला त्यांनी नदीत पोहताना बघितलं आणि स्वतःच्या विहिरीजवळ त्याच्यासाठी कुस्तीच्या मातीचा वेगळा हौदा खणला. नव्या गड्याला मातीत घेताना त्यांची एक रीत होती. दुधाच्या तांब्यातला पहिला घोट वस्तादांचा, मग तोच तांब्या गड्याच्या तोंडाला. आमच्या दादाबरोबरही त्यांनी ती मोडली नाही. गावानं वर्षभर त्यांना पंगतीला बोलावलं नाही. वस्ताद म्हणाले, "बरं झालं, माझं पोट लई सुटलं हुतं."

तर हा दादा जानेवारीत त्यांच्यापुढं उभा राहिला. वस्तादांनी त्याचे दंड दाबून बघितले, पोट चाचपलं.

"किती जोर मारायचास जाताना?"

"पाचशे."

"आता वीस. बैठका चाळीस. बारक्या पोरावानी पयल्यापासून."

"वस्ताद, लोक हसतील."

"हसू दे. जुना आकडा धरशील तर मरशील. आन सकाळी वाळूत पळायचं, डोहापासून उतारापोतर. दम पयला, ताकद मागून."

खुराकही त्यांनीच बांधून दिला. दोन शेर दूध, ते त्यांच्याच म्हशीचं. बदाम, तूप, बाजरीची भाकरी. दादा रोज हौदा खणायचा, माती भिजवायचा, मग जोर मारायचा. फेब्रुवारीच्या मध्याला तो दोनशेवर आला होता. गालावर रंग दिसायला लागला, असं आईचं पत्र मला पुण्याला आलं.

नाताळच्या सुट्टीनंतर मी कॉलेजात परतले होते. परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी मिळाली म्हणून मार्चच्या मध्यात घरी आले, तर दारात वेगळाच माणूस. गालफडं बसलेली. सकाळी मी नदीवर गेले. दादा डोहापासून सुटला आणि उतारापर्यंत पोचायच्या आधीच गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. वस्ताद काठावरून बघत होते.

"दोन शेर दूध आन ही दशा?" ते मला म्हणाले. "गोऱ्याच्या त्या हिवतापाच्या गोळ्यांनी रगत नासवलंय त्याचं. उद्यापास्नं तीन शेर दितो. घरात आमी ताकाबिगर जेवू."

दूध तो तिथं पीत नसे. "आंघोळ करून घरी पितो," म्हणून कासंडी घेऊन निघायचा. मी मागोमाग गेले. दादा शेजारच्या दगडाबाईच्या दारात थांबला, दम्यानं खंगलेल्या त्या म्हातारीच्या पातेल्यात त्यानं सगळं दूध ओतलं आणि कासंडी विसळून उपडी घातली.

"दादा, दूध कुठं जातं?"

"पोटात."

"कुणाच्या?"

तो हसला. "तुला वकील करायला पायजे हुती."

मग सगळं बाहेर आलं. ईस्टरआधीच्या राखेच्या बुधवारपासून त्यानं चाळीस दिवसांचा उपास धरला होता. दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, मांस नाही. दिवस मावळल्यावर एक भाकरी आणि मीठ. सगळा दीनाच्या आत्म्यासाठी. आणि जत्रा होती चैत्री पौर्णिमेला. त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशीच पौर्णिमा आली होती. कुस्ती तिच्यासाठी, उपासही तिच्यासाठी, आणि एक दुसऱ्याच्या मुळावर उठलेलं.

"अरे, आजारातून उठलेल्याला उपास माफ असतो! मी जाते फादरकडं."

"जाऊ नको. ती बिनापाद्रीची गेली, फिलू. तिला कुनी माफी दिली?"

"मग वस्तादांना तरी सांग."

"उपास गावभर मिरवायचा नसतो. फादर दर वर्षी सांगतात."

आई म्हणाली, "तू मधी पडू नको." मी ऐकायला हवं होतं. मी वीस वर्षांची होते, शरीरशास्त्राचं एक पुस्तक वाचलेलं, आणि आपलं म्हणणं बरोबर आहे एवढं पुरेसं असतं अशी माझी समजूत. त्याच दुपारी मी वस्तादांच्या विहिरीवर गेले.

"वस्ताद, तो तुमचं दूध पीत नाही. दगडाबाईला देतो."

ते मोटेचा दोर वळत होते. हात थांबले.

"कवापास्नं?"

"महिना झाला. त्याचा उपास आहे."

त्यांनी दोर खाली ठेवला. मग म्हणाले, "उपास आमी बी करतो, पोरी. एकादशी करतो, शनवार करतो. उपासाला दूध चालतं."

"आमच्यात नाही चालत, म्हणजे त्यानं धरलाय तो तसा—"

"उपासाला दूध चालतं," ते पुन्हा म्हणाले. "माझं चालत न्हाई, येवढंच म्हन. पाद्र्यानं सांगितलं आसंल, हिंदूच्या घरचं नको."

मी समजावलं. तावातावानं, पुस्तकी भाषेत, आणि बहुधा मोठ्या आवाजात. ज्या माणसानं त्या एका घोटासाठी सगळ्या गावाचं तोंड सोसलं, त्याला मी उपासाचे नियम शिकवत होते. ते उठून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी हौद्यावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या.

दादानं काट्या बघितल्या, माझ्याकडं बघितलं आणि वाळूकडं निघाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. उरलेले पंधरा-वीस दिवस तो एकटाच वाळूत पळाला, खडकावर जोर मारले. वस्तादांच्या दारात रोज जाऊन उभा राहायचा. ते आत असायचे आणि बाहेर येत नसत.

पौर्णिमा उजाडली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे पवित्र शनिवारी दुपारी बाराला घंटा झाली की उपास सुटे. घंटा झाली. आईनं शेळीचं दूध तापवून पुढं ठेवलं. दादानं ते बाजूला सारलं, रिकामा तांब्या उचलला आणि वस्तादांकडं निघाला. मी मागून गेले. वस्ताद गोठ्यात होते.

दादानं तांब्या पुढं धरला. "सुटला उपास. द्या आता. तुमी घोट घ्या, मग मी."

वस्तादांनी मान वर केली नाही. "रेडकाला सोडली आज म्हस. दूध न्हाई."

कासंडी तिथंच होती, भरलेली, वर फडकं बांधलेली. तिघांनाही दिसत होती.

चारच्या सुमाराला वाळवंटात हलगी कडाडली. शेवटची कुस्ती सिन्नरकडच्या गोरक्ष नावाच्या पैलवानाशी. पहिली पाच मिनिटं दादानं त्याला हलू दिलं नाही; डाव सगळे अंगात होते. मग दम संपला. मला ते लांबूनही कळलं, कारण त्यानं गुडघ्यांवर हात टेकले, अगदी त्या सकाळसारखे. गोरक्षनं पट काढला आणि दादाची पाठ मातीला लागली. लोक ओरडले. त्याच वेळी काठावरच्या बाभळीखालून एक पांढरा पटका उठला आणि गावाकडं चालायला लागला. मी तो ओळखला, वस्तादांचा होता. दादाला मी हे कधी सांगितलं नाही. त्याला आणखी काय काय सोसायला लावायचं?

दादा पुन्हा मातीत उतरला नाही. मिशनच्या शाळेत सुतारकाम करत राहिला. दुसरं लग्न केलं नाही. वस्ताद पुढच्याच पावसाळ्यात गेले. दादा सरणाची लाकडं फोडायला गेला. तेवढं त्याला करू दिलं.

त्यानंतर तो तीस वर्षं जगला. दर वर्षी चाळीस दिवस त्यानं सगळं सोडलं, दूध मात्र सोडलं नाही. आई म्हणायची, असला कसला उपास?  तो संध्याकाळी ओट्यावर बसायचा, भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरायचा आणि पहिला घोट घ्यायच्या आधी बराच वेळ थांबायचा. दूध गार होऊन जायचं.