माझं मौन आणि निनादची कॉइल

किस्से घरात साठतात ते आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यांसारखे. एकही मुद्दाम ठेवलेला नसतो, आणि कपाटाचं दार उघडलं की सगळे एकदम अंगावर येतात. माझ्याकडचे सगळे निनादचे. निनाद माझा धाकटा दीर. इथे आयर्लंडमध्ये मेनूथला एमएस्सी केलं, नोकरी लागली, आणि आता डब्लिनजवळ ल्यूकनला आमच्याकडेच राहतो. स्वभावाने सोन्यासारखा. फक्त वेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, ओढतो. त्यातली तापणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, तीसुद्धा विकत न आणता घरी वळतो. मी पडले शुक्रवारच्या स्तोत्रमंडळातली, उपासतापासवाली बाई. हे तिथे कुठल्या तोंडाने सांगणार?

* * *

आषाढात मी देवापुढे वाती वळत बसले होते. निनाद शेजारी येऊन बसला.

"वहिनी, थोडा कापूस दे ना."

मी भरून पावले. शुक्रवारी मंडळात सांगूनही टाकलं, की आमचा निनाद वाती वळायला बसतो. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. घरी येऊन बघते तर तो कापूस त्याने कॉइलच्या वेटोळ्यातून ओवलेला! त्यावर ते गोड वासाचं पाणी घालायचं, बटण दाबायचं आणि ओढायचं.

पुढच्या शुक्रवारी तिघीजणींनी कापसाच्या पिशव्या हातात ठेवल्या. "निनादला द्या हो. हल्लीच्या मुलांत असं कुठे दिसतं?" नाही म्हणायला तोंडच उघडेना.

निनादने एक पिशवी उघडून कापूस चिमटीत धरला. "वहिनी, तुझ्या कापसापेक्षा हा चांगला आहे. विचार ना त्यांना, कुठून आणतात."

* * *

एकदा आम्ही दोघं नारळ आणायला बसने ब्लँचर्डस्टाउनला निघालो होतो. निनाद म्हणाला, "वहिनी, खिसा गरम लागतोय."

"हीटरजवळ बसलायस."

दोन मिनिटांत तो उभा राहून नाचायलाच लागला. जॅकेटच्या एकाच खिशात वेपची सुटी बॅटरी आणि घराच्या किल्ल्या. किल्ली बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकली की झालं शॉर्ट! ड्रायव्हरने बस थांबवून दार उघडलं आणि जॅकेट धुरासकट फुटपाथवर गेलं. निनादच्या मांडीवर टरटरून फोड. अख्खी बस आमच्याकडे बघत होती. मी नारळांसाठी घेतलेली रिकामी पिशवी तोंडापुढे धरली.

पुढच्या सीटवरच्या आयरिश आजी जपमाळ हातात घेऊन मागे वळल्या. "मी प्रार्थना करीन हं त्याच्यासाठी."

"करा," म्हटलं. "माझ्या एकटीच्या पुरत नाहीत."

* * *

फोड पाहिल्यावर माझी झोप उडाली. त्याला विचारलं की म्हणायचा, "ग्रँड आहे गं, काळजी नको." शेवटी हळदीकुंकवाहून परत येताना, जरीच्या साडीतच, मी वेपच्या दुकानात शिरले. काउंटरवर नाकात रिंग घातलेली मुलगी होती. तिला म्हटलं, घरी कॉइल वळणाऱ्याला काय होऊ शकतं ते मला नीट सांग.

तिने खुर्ची दिली आणि सांगितलं. तारेचा हिशेब चुकला तर बॅटरीतून तिला झेपणार नाही एवढा करंट ओढला जातो. निनाद वापरतो तसल्या साध्या धातूच्या नळीत तो अडवायला सर्किटच नसतं. बॅटरीवरचं प्लास्टिक फाटलं तर ती धातूला टेकून शॉर्ट होते, पुन्हा नळीत घालायचीच नाही. तिने फाटलेली एक दाखवलीसुद्धा. "त्याला सांगा, तयार कॉइल घे. त्याहून बरं म्हणजे सोडून दे."

मी हात जोडून उठले, तर काचेबाहेर मंडळातली डॉक्टर शर्वरी. तिने हसून हात केला.

पुढच्या शुक्रवारी सगळ्या माझ्याशी फार मऊ बोलत होत्या. शर्वरीची आई साताऱ्याहून आली होती, आम्ही तिला अक्का म्हणतो. तिने मला किचनमध्ये नेलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"पोरी, लाजू नगंस. म्या बी मिश्री लावायची. सुटतीया."

दिराचं नाव कसं घेणार? मी खाली मान घालून "हो अक्का" म्हटलं.

* * *

मग मी नेम धरला. मौनभोजन. कार्तिकीपर्यंत जेवताना एक अक्षर बोलायचं नाही. संकल्प निनादचं वेड सुटावं म्हणून.

चार दिवसांत निनादच्या लक्षात आलं. माझं ताट वाढलं की हा टेबलावर तार, चिमटा, स्क्रूड्रायव्हर मांडून बसायचा. मी डोळे वटारायची, डाव आपटायची. तो मान खाली घालून शांतपणे कॉइल वळायचा.

एकदा हे त्याला म्हणाले, "अरे, जेवणाच्या टेबलावर? वहिनीला विचारलंस का?"

"विचारलं की. काही बोलली नाही."

* * *

उद्यापनाला मंडळातल्या सगळ्या जेवायला होत्या, अक्कासुद्धा. पुऱ्या तळल्यामुळे मागचं दार उघडं ठेवलं होतं. ते मौनातलं शेवटचं जेवण. निनाद ओट्याशी उभा राहून नळीत बॅटरी घालत होता, आणि मला दिसलं, बॅटरीवरचं प्लास्टिक फाटलं होतं.

मी बोट दाखवलं. त्याने मला ताक वाढलं.

मी वाटी टेबलावर आपटली. शर्वरीने पुरी वाढली.

त्याने नळीचं झाकण फिरवून बसवलं. बटण दाबलंही नव्हतं आणि त्याचा चेहरा बदलला, बसमधल्यासारखा. पण वेडा नळी टाकून देईना. चेहऱ्याजवळ धरून झाकण उलटं फिरवत बसला. आतून फुसफुस ऐकू आली.

माझं तोंड उघडलं. "फेक" तर म्हणालेच. पण त्याच्या आधी जो शब्द आला, तो मी लहानपणी माहेरच्या एसटी स्टँडवर एकदाच ऐकला होता. इतका स्पष्ट मला उच्चारता येतो हे मलाही माहीत नव्हतं.

निनादने फेकली. नळी दारातून मागच्या गवतावर गेली आणि तिथे फुटली. काचा थरथरल्या.

मी पदरात तोंड लपवलं. शर्वरीने त्याचे हात उलटसुलट करून पाहिले, धड होते. निनाद वर गेला, तारा-बॅटऱ्यांचा सगळा डबा घेऊन आला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"वहिनी, तुझं मौन मोडलं गं माझ्यामुळे."

अक्काने पुरीचा घास मोडला.

"मोडू दे की. इतकं दिस मनातल्या मनात म्हनत हुती, आज मोठ्यानं म्हटलं. मंतर बराबर लागला."