एकसष्टावा दाता

"एक दाता जास्त आहे, आई."

"आहेच. मुद्दाम कापलाय."

"मुद्दाम?"

"मग काय, डुलकी लागली होती? एकतीस वर्षं गिअर कापतेय मी. चुकून एक दाता इकडचा तिकडे झालेला नाही."

"चित्रावर स्वच्छ लिहिलं होतं. मोठं चाक साठ, लहान चाळीस."

"चित्र काढणाऱ्याने कधी चाक कापलंय का, विचार त्याला!"

विज्ञान संग्रहालयाच्या दालनात मायलेकींची ही जुगलबंदी चालली होती. लेक तिथे येणाऱ्यांना ग्रह-तारे समजावून सांगायची. दालनात पितळेचं नवं यंत्र बसवायचं ठरलं, तेव्हा "गिअर माझी आई कापेल" असं छातीठोकपणे तिनेच साहेबांना सांगितलं होतं. मधोमध सूर्य, बाहेरच्या कड्यावर गुरूचा गोळा, आणि आतल्या लांबट खाचेतून पळणारा एक काळा मणी. हा मणी म्हणजे लघुग्रह. सकाळी साहेबांनी स्वतः दांडा फिरवला. दहाव्या फेरीत मणी गुरूवर टक्‌कन आपटला. "उद्या शाळा येणार आहेत," साहेब म्हणाले. "तोवर नीट झालं नाही, तर यंत्र गोदामात."

आई यंत्राभोवती येरझाऱ्या घालत होती. बसा म्हटलं की तिला मुंग्या चावतात.

एकोणिसाव्या वर्षी ती वर्कशॉपमध्ये लागली. तिथल्या थोरल्या मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं : साठाला चाळीस कधी जोडू नकोस, एकसष्टाला जोड. नाहीतर ठरलेला दाता ठरलेल्या दात्यांशीच घासत राहतो आणि तिथेच खड्डा पडतो. एक दाता वाढवला की प्रत्येकाला प्रत्येक जण भेटतो, झीज वाटून जाते. गिरण्यांची, पंपांची चाकं तिने अशीच कापली, आणि तिची चाकं मोडत नाहीत अशी ख्याती झाली.

पण बाईंनी तो नियम घरीही आणला. काल बसली त्या खुर्चीवर आज जेवायला बसायची नाही. कामावर जायच्या चार वाटा, आलटून पालटून. अकरा वर्षांत सहा घरं. नवरा तिसऱ्या घरातच राहिला. भांडणबिंडण काही नाही. टेम्पोत सामान चढत असताना तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी दमलो." ती खरंच पुढे झाली.

"हे बघ," लेक म्हणाली, "गुरू सूर्याभोवती दोन फेऱ्या मारतो तेवढ्यात हे धोंडे तीन मारतात. बरोबर तीन. त्यामुळे धोंडा सूर्यापासून लांब, गुरूच्या वाटेजवळ येतो, तेव्हा गुरू नेमका दुसरीकडे असतो. दर खेपेला."

"आणि ठेका चुकला की?"

"मग कधीतरी गाठ पडतेच. गुरू भिरकावून देतो त्याला."

"म्हणजे ठेका धरला की सगळे सुखी?"

"सगळे नाही. काही ठेके असे असतात की त्यांच्यापायीच धोंडा वाटेवरून ढकलला जातो. पण हा तीनास दोनचा, म्हणजे आपला साठास चाळीसचा, तारतो."

आईने दांडा धरला आणि गरागरा फिरवला. मणी आणि गोळा दर फेरीला जरासे जवळ सरकत होते. टक्‌!

"एका दात्याने एवढं?"

"एका दात्याने."

"पण साठ कापले तर झिजेल गं ते! वर्षभरात खडखडायला लागेल. माझ्या हातचं चाक खडखडतंय म्हणतील लोक!"

"खडखडू दे. नवीन कापू."

"माझ्या हातून नाही व्हायचं. हात वळतच नाही तसा."

"का नाही वळत?"

"किंचाळू नकोस, पहारेकरी बघतोय."

"बघू दे! सहा शाळा बदलल्या मी तुझ्या त्या मिस्त्रींपायी. जरा कुणी डबा वाटून खायला लागलं की दारात टेम्पो उभा!"

"बये, तुला माणसं किती भेटली पण."

"सगळी भेटली. हजेरीपटासारखी! त्यांतल्या एकीचाही फोन नंबर नाही माझ्याकडे."

आईच्या येरझाऱ्या थांबल्या. पदराने तिने हातांवरचं तेल पुसलं, मग पुन्हा पुसलं. पिशवीतून पाना काढला, नट सैल केला आणि मोठं चाक उपसून घेतलं. उजेडात धरून अंगठ्याने एकेक दाता चाचपत ती पुटपुटत मोजू लागली. साठपर्यंत आली. पुढच्या दात्यावर अंगठा थांबला.

"वर्कशॉप सहाला बंद होतं," लेक हळू आवाजात म्हणाली. "आत्ता तीन वाजलेत. आई, साठ कापशील ना?"

आईने चाक फडक्यात गुंडाळलं, पिशवीत टाकलं.

"आई, हो की नाही, एवढं तरी सांग. साहेबांना काय सांगू मी?"

पिशवी खांद्याला लावून आई दाराकडे निघाली. पहारेकऱ्याने दार उघडून धरलं. ती त्याच्याकडेही न बघता बाहेर पडली.