दोन मशिनं माझ्या डोक्यावर

"हमाल नको. ही आहे ना. हिला सवय असते."

खोपोली स्टेशनाच्या फलाटावर आमचे टायपिंग क्लासचे सर असं म्हणाले. पुढे आलेल्या हमालाला त्यांनी हातानंच परत पाठवलं. समोर गोणपाटात गुंडाळलेले दोन टाइपरायटर. लोखंडी, जड. स्पर्धेला जाताना क्लासानं आपापलं मशीन न्यायचं, अशी तेव्हा रीत होती. एक मशीन माझं, एक शैलाचं. कर्जतच्या क्लासातून आम्हा दोघींचीच निवड झाली होती.

शैला आमच्या गावच्या पाटलाची मुलगी. मी बौद्धवाडीतली. माझे आईबाप तिच्या बापाच्या भातशेतीवर राबत होते.

आदल्या दिवशी याच सरांनी आम्हा दोघींना समोर उभं करून सांगितलं होतं, "उद्या हाताला ताण द्यायचा नाही. पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. बोटं जड होतात." मी ते मनावर घेतलं. सकाळी आईनं एकटीनं पाणी भरलं आणि मी राणीसारखी ओट्यावर बसून राहिले. आईला म्हटलं, सरांनी सांगितलंय. तिला त्याचं केवढं कौतुक वाटलं.

आणि आता सर माझ्याकडे बघून मान हलवत होते. उचल.

मी उचललं. का उचललं? भ्याले म्हणून. सर बिघडले तर मला बसू देणार नाहीत, ही भीती. स्पर्धा एका कारखान्यानं ठेवली होती. पहिल्या येणाऱ्याला ऑफिसात टायपिस्ट म्हणून घेणार होते. ती खुर्ची मला हवी होती. हावरटासारखी हवी होती. क्लासात माझा स्पीड शैलाहून जास्त होता आणि ते सरांना, तिला, मला, तिघांनाही ठाऊक होतं.

पदराची चुंबळ केली. शैलाचं मशीन आधी. तिचा मोठा भाऊ सोबतीला आला होता, तो मागून चालत होता. "नीट चाल गं. पडलं तर तुझ्या बापाच्यानं भरपाई व्हायची नाय." शैला पुढे, दोन्ही हात पदरात घेऊन. सर तिला म्हणाले, "अशीच बोटं गरम ठेव." रस्ता चढाचा. हॉलवर ते मशीन उतरवलं, परत स्टेशनावर गेले आणि माझं आणलं.

टेबलाशी बसले तेव्हा बोटं थरथरत होती. नुसती ठेवली तरी कळांवर नाचत होती. मी हात मांडीखाली दाबून धरले. थांबा रे, थांबा, असं बोटांना सांगत बसले.

तेवढ्यात शैलानं कागद घातला, कळ दाबली. अक्षर उमटलं, पण कागद धरणारं कॅरेज सरकेना. पुन्हा दाबली. नाही.

"सर, हिनं आपटलं."

मी आपटलं नव्हतं. पोटच्या पोरासारखं सांभाळून आणलं होतं. सरांनी विचारलंसुद्धा नाही.

"ऊठ. तुझं मशीन शैलाला दे. तुला पुढच्या वर्षी बसवू."

"नाय देणार."

माझं मलाच खरं वाटलं नाही. सरांनी कानाखाली वाजवली. डोळ्यांसमोर अंधारी आली. तरी मी उठले नाही. मग शैलाचा भाऊ आला. त्यानं माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मान मागे खेचली.

"म्हारडे, माजलीस काय गं?"

हॉल भरलेला होता. शिकलेली माणसं. कारखान्याचे साहेब. तालुक्यातली मुलं-मुली. एकजणही जागचा हलला नाही. मी मशीनला मिठी मारली. त्यानं माझी करंगळी पकडून उलटी वाकवली. काडकन आवाज झाला. मी सोडलं नाही. त्यानं मुठीनं माझ्या हातावर ठोसे घातले, माझ्या बोटांखाली कळा दाबल्या गेल्या, आतल्या अक्षरांच्या काड्या एकमेकींत अडकल्या. मग त्यानं माझ्या तोंडासमोरून हात नेला आणि मी चावले.

कडकडून चावले. अंगठ्याखालचं मांस माझ्या दातांत आलं. रक्त तोंडात आलं. खारट. तो गुरासारखा ओरडला. मी सोडलं नाही. त्यानं पोटात लाथ घातली तेव्हा सुटलं. मी खुर्चीसकट खाली पडले आणि माझ्या अंगावर मशीन.

कारखान्याचे साहेब उभे राहिले. "या मुलीला बाहेर काढा. आपल्याला सुरू करायचंय." रागानं नाही बोलले. खिडकी लावा म्हणावं, तसं बोलले.

शिपायानं मला ओढत ओसरीवर आणून टाकलं. आत मशिनं सुरू झाली. शैला काड्या सोडवून माझ्याच मशीनवर बसली होती. करंगळी फुगून निळी पडत होती आणि मी ते टकटक ऐकत होते. वाटलं, आत जाऊन एकेकाच्या डोक्यात एकेक मशीन घालावं. खरंच वाटलं. आजही ते आठवून लाज वाटत नाही.

तिथे बसल्या बसल्या मला एक गोष्ट कळली. सरांनी मुद्दाम माझे हात दमवले नव्हते. तेवढा विचारच त्यांनी केला नव्हता. शैलाचे हात दमतात, हे त्यांना माहीत होतं. माझे हात दमू शकतात, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. मारापेक्षा ते जास्त झोंबलं.

संपल्यावर सर बाहेर आले. जणू काही झालंच नव्हतं. "चल, मशिनं स्टेशनावर न्यायचीत."

"ज्याची त्यानं न्यावी."

त्यांनी हात उगारला. मी तो वरच्यावर पकडला. मोडक्या करंगळीच्या हातानं पकडला. कळ मस्तकात गेली, पण सोडला नाही. माणूस लोखंडी मशीन शिकवत होता आणि मनगट लोण्यासारखं मऊ. मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. त्यांनीच नजर वळवली आणि शिपायाला हमाल आणायला धाडलं.

घरी पोचले तर पाटलाचा निरोप माझ्याआधी पोचला होता. बाप दारात उभा. बापानं माझा सुजलेला हात पाहिला, आणि तरी मारलं. जळणातलं लाकूड घेऊन पाठीत मारलं. मारता मारता तोच रडत होता.

"जा, पाय धर त्यांचं. त्यांच्या शेतावर आपलं पोट हाय."

"तू धर, आबा. मी नाय."

गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून आईबापाचं काम सुटलं. त्या वर्षी आम्ही उपाशी राहिलो, दुसऱ्यांच्या बांधावर राबलो. त्याचा दोष बाप मरेपर्यंत मला देत होता. मी तो घेतला. पाय मात्र धरले नाहीत.

करंगळी वाकडीच राहिली. तिच्यासकट मी टायपिंगची परीक्षा दिली, नोकरी केली. लोक विचारतात, त्या दिवशी चावलीस त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. उशिरा चावले म्हणून वाटतं. सकाळपासून दुपारपर्यंत गप्प राहिले, मान खाली घालून ओझं वाहिलं आणि मोबदल्यात ते मला माणसांत बसू देतील असं समजले. तेवढा वेळ आता मी कुणालाही देणार नाही. पहिल्याच शब्दाला उठेन.