वर्लिनला मचाण पसंत पडेना

मुलगी बघायला जावं तसा वर्लिन स्टाइल्स त्या वर्षी मचाणं बघत होता, आणि बघायला दुसरं ठिकाण नसल्यामुळे आठवड्यातून चारदा माझ्या दुकानात येत होता. माझं दुकान दाणा-पेंडीचं. कोंबड्यांचं खाणं, कुंपणाची तार, खिळे, रबरी बूट, आणि मागच्या भिंतीला शिकारीचं सामान. वडील गेल्यापासून मीच चालवते. दाराशी कॉफीचं भांडं ठेवायची चूक वडिलांनी केली, त्यामुळे टॅनर्स फोर्क गावातले सगळे रिकामटेकडे पुरुष सकाळी सात वाजता माझ्या पदरात पडतात.

वर्लिन मात्र रिकामटेकडा नव्हे. सदुसष्ट वर्षांचा, आयुष्यभर काउंटीचे रस्ते सपाट करण्यात गेलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. वर्षाला एक हरीण मारायचा, तेही बाणानं. बंदुकीनं मारणं म्हणजे त्याच्या मते खाटकाकडून मटण आणण्यासारखंच. त्याची बायको ऑर्फा माझ्याच वर्गातली. शाळेत असताना तिच्या तोंडून मी कधी चढा आवाज ऐकला नाही. हे लक्षात ठेवा, कारण आज गावात कुणाला ते पटणार नाही.

भानगड सुरू झाली आदल्या नोव्हेंबरात. चढतं मचाण म्हणजे दोन तुकडे. वरच्यावर बसायचं, खालच्यावर उभं राहायचं, दोन्हींच्या तारा बुंध्याभोवती अडकवलेल्या. बसायचं आणि बुटांनी खालचा तुकडा वर ओढायचा, उभं राहायचं आणि वरचा तुकडा वर सरकवायचा. सुरवंट चढतो तसं. हे दोन तुकडे बांधणारी एक दोरी असते आणि ती सोडायची नसते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. वर्लिननं ती सोडली. का, तर वाऱ्यानं ती बुंध्यावर आपटते आणि हरणाला ऐकू जातं.

वीस फुटांवर त्यानं जरा कूस बदलली आणि खालचा तुकडा सुटून थेट जमिनीवर. वर्लिन वर, पाय लोंबकळत, साडेचार तास. शेवटी डेंझिल क्रॅबट्रीनं अग्निशमनची शिडी नेऊन त्याला उतरवलं. डेंझिल आमच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा प्रमुख आणि गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं आधी खालून फोटो काढला, मग शिडी लावली. साप्ताहिकात पहिल्या पानावर दोन बूट आणि वर्लिनची बैठक छापून आली.

त्यानंतर काय विचारता! वर्लिन दारातून आत आला की डेंझिल म्हणायचा, “काय रे, आज जमिनीवर?”

“मचाणच खोटं होतं,” वर्लिन म्हणायचा. “आता नवं घेणार. नीट पारखून घेणार.”

आमच्याकडे मचाण घरी न्यायचं, झाडावर चढवून बघायचं आणि नाही आवडलं तर परत आणायचं, अशी रीत वडिलांपासून आहे. जानेवारीत त्यानं पहिलं नेलं. चार दिवसांनी परत.

“काय झालं?” मी विचारलं.

“करकरतं.”

मी ते हलवलं, वाकवलं, त्यावर उभी राहिले. “कुठे करकरतं? मला तर काही ऐकू येत नाही.”

“तू हरीण आहेस का?”

मी ते मागच्या भिंतीला परत टांगलं. दुसरं हलकं निघालं, इतकं हलकं की त्याचा त्याच्यावर विश्वास बसेना. तिसरं जड. चौथ्याची बैठक इतकी मऊ की वर झोप लागायची भीती. पाचव्याचा रंग हिरवा होता, पण आपल्या रानाचा हिरवा नव्हता. सहावं त्यानं आठ दिवस ठेवलं, मला वाटलं सुटले, तर परत आणून म्हणतो, “यात काही दोष सापडत नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी लपलेलं आहे.” मी त्या दिवशी त्याला कॉफी दिली नाही.

कॉफीवाल्यांना तर चघळायला विषयच मिळाला. डेंझिल हातांनी चढायच्या मचाणाच्या बाजूचा. वरची कड हातांनी धरायची आणि दंडाच्या जोरावर वर सरकवायची, असा तो प्रकार. “बसून चढणं म्हणजे काय चढणं?” तो म्हणायचा. “कमोडवर बसून शिकार करायची आहे का तुला, वर्लिन?”

होबार्ट पाइल बसून चढणाऱ्यांचा पुढारी. वजन तीनशे पौंड, त्यामुळे त्याला दुसरा मार्ग नव्हता. “हातांनी चढायला तो काय माकड आहे? त्याचं वय बघ.”

“वय तुझं काढतोय का कुणी?”

“माझं नको, माझ्या मचाणाचं काढ. पंचवीस वर्षं झाली, एक खिळा ढिला नाही.”

असं करता करता जो तो आपापलं मचाण वर्लिनच्या ओसरीवर नेऊन ठेवू लागला. हेच बघ, हे चढून बघ, मग मला सांग. आमच्याकडे माणूस एक वेळ पिकअप दुसऱ्याला देणार नाही, पण आपलं मचाणच कसं खरं हे सिद्ध करायला घरपोच देईल. ऑगस्टअखेर ओसरीवर अकरा मचाणं उभी होती आणि ऑर्फाला घरात मागच्या दारानं जावं लागत होतं.

मग प्रकरण चर्चमध्ये गेलं. बुधवारच्या प्रार्थनेला कुणासाठी काय मागायचं याची यादी होते. हॉलिसबाईंचा गुडघा, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट, अमुकच्या पोराची नोकरी. त्या बुधवारी डेंझिल उठला. “वर्लिनच्या मचाणासाठी.”

पास्टर हॅलम नवे होते. “नेमकं काय मागायचं, बंधू डेंझिल?”

“योग्य निवड, पास्टर.”

“बसून चढायचं,” मागून होबार्ट ओरडला.

“देवाला प्रकार सांगायचा नसतो,” पास्टर म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

वर्लिन पुढच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. तेवढ्यात ऑर्फानं हात वर केला. “न सांगितलेली,” ती म्हणाली. आमच्या चर्चमध्ये अशी सोय आहे. मनात काही असेल आणि बोलता येत नसेल तर नुसता हात वर करायचा, सगळे त्यासाठी प्रार्थना करतात, विचारत कुणी नाही. पुढचा आठवडाभर मात्र सगळं गाव तर्क करत बसतं. तिला ट्यूमर आहे इथपासून ती वर्लिनला सोडतेय इथपर्यंत मी सगळं ऐकलं.

धनुष्यबाणाचा मोसम सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सुरू होतो. त्याआधीच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, मागच्या सरळसोट पॉपलरच्या झाडावर वर्लिननं अकराही मचाणांवरून वीस वीस फूट चढून दाखवायचं आणि मंडळींनी हात वर करून मत द्यायचं, असं ठरलं. ठरवलं कुणी, तर वर्लिन सोडून सगळ्यांनी. डेंझिल शिडीची गाडी आणणार होता, सरावासाठी. बायकांनी जेवणाची जबाबदारी घेतली. पास्टरांनी उपदेश वीस मिनिटांनी कमी करायचं कबूल केलं. चर्चच्या नव्या छपरासाठीसुद्धा इतकी एकी मी पाहिली नव्हती.

शनिवारी दुपारी, दुकानात कुणी नसताना, ऑर्फा आली.

“नेड्रा, वर्लिननं तुझ्याकडून नेलेली मचाणं परत आली ना, ती दाखव.”

मी तिला मागे नेलं आणि एक उलटं केलं. मचाणाला बुंध्यात रुतायला लोखंडी दात असतात. एकदा जरी झाडावर चढलं तरी त्या दातांत साल अडकते, घासून काढली तरी चिकाचा डाग राहतो. वर्लिनच्या सहाही मचाणांचे दात कोरे करकरीत होते.

“कधीपासून माहीत आहे तुला?” तिनं विचारलं.

“मार्चपासून.”

“आणि बोलली नाहीस?”

“तू बोललीस?”

ती पेंडीच्या पोत्यावर बसली. “जूनमध्ये गोठ्यामागे त्याला कॉफी द्यायला गेले. मला म्हणाला होता, चढून बघतोय. झाडाला कुणाचं तरी मागून आणलेलं मचाण लावलेलं, अंगावर पट्टे आवळलेले, डोक्यावर टोपी, आणि बूट गवतात. जमिनीपासून एवढंसं वर बसला होता गं. बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे मिटून. मी कॉफी घेऊन तशीच परत आले. तासाभरानं घरी आला आणि म्हणतो, पट्ट्याची कडी नीट नाही.”

मला हसू आलं. तिलाही आलं. मग दोघींचंही थांबलं.

“भीती बसलीय त्याच्या मनात,” ती म्हणाली.

“मग सांगावं की तसं.”

“कुणाला? डेंझिलला? ज्यानं त्याच्या ढुंगणाचा फोटो छापला त्याला? नाही सांगायचा तो. उद्या लाजेखातर चढेल, नेड्रा. आणि अकरापैकी कुठल्यातरी एकावरून पडेल.”

मला मार्चपासून गप्प बसल्याची पहिल्यांदा लाज वाटली.

रविवारी ऊन छान होतं. लांब टेबलांवर चिकन-नूडल्स, बीन्स, मक्याची भाकरी, नऊ प्रकारचे गोड फ्रूट-पाय. शिडीची गाडी लाल चकचकीत करून आणलेली. पॉपलरशी अकरा मचाणं रांगेत, प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिठ्ठी. डेंझिलच्या हातात भोंगा होता, ज्याची त्याला आजवर कधी गरज पडलेली नाही.

“पहिलं मचाण!” तो गरजला. वर्लिन पुढे आला. पट्टे आवळले, दोरी बांधली, ती तीनदा तपासली. बसला. पाय उचलले, खालचा तुकडा फूटभर वर आला. टाळ्या! उभा राहिला, वरचा तुकडा सरकवला, पुन्हा बसला आणि बसूनच राहिला. मी बाजूला होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. रंग पार उडालेला, ओठ हलत होते. बहुतेक पास्टरांना न विचारता स्वतःच देवाकडे मागत होता.

“चढ की रे!” डेंझिल भोंग्यातून म्हणाला. वर्लिननं पाय उचलले.

“वर्लिन स्टाइल्स, उतर खाली!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. ऑर्फा नूडल्सचा मोठा चमचा हातात घेऊन टेबलांमधून येत होती. हा आवाज तिनं कुठून आणला देव जाणे. “उतर म्हणते ना! पुरे झाली ही थेरं! वर्षभर माझी ओसरी अडवून ठेवलीस. आज उतर, आणि पुन्हा कधी झाडावर दिसलास तर तुझं धनुष्य चुलीत घालीन! माझ्या घरात राहायचं तर जमिनीवर राहायचं!”

“ऑर्फा, चारचौघांत...” वर्लिन म्हणाला.

“चारचौघांतच सांगतेय! तुमच्यापैकी कुणी त्याला मचाण दिलं तर गाठ माझ्याशी आहे. डेंझिल, तो भोंगा खाली ठेव!”

डेंझिलनं ठेवला. वर्लिन इतक्या चपळाईनं उतरला की बघणाऱ्याला शंका यावी, पण बघत कुणीच नव्हतं. सगळे तिच्याकडे डोळे फाडून पाहत होते. होबार्टनं वर्लिनच्या पाठीवर हात ठेवला, पास्टरांनी काहीतरी सौम्य म्हटलं, आणि बायका माना हलवत भांडी झाकू लागल्या. तिच्या नूडल्सना त्या दिवशी कुणी हात लावला नाही. मी तीनदा वाढून घेतल्या आणि रात्रभर पोट धरून बसले.

त्यानंतर गाव तिच्याशी तुटक वागू लागलं. रजई शिवणाऱ्या बायका तिला बोलवायच्या विसरू लागल्या. वर्लिनला मात्र जो भेटेल तो जवळ घ्यायचा. मोसमात तो जमिनीवरच्या तंबूतून शिकारीला जायचा, आणि तंबू पाहून माणसं दुरूनच हळहळायची. तो काहीच बोलायचा नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येऊ लागला होता.

नोव्हेंबरात एका सकाळी तो गुरांना चाटायला मिठाचा गोळा घ्यायला आला. ऑर्फा बाहेर पिकअपमध्ये बसून होती. आत यायचं तिनं सोडूनच दिलं होतं. कॉफीपाशी डेंझिल होबार्टला सांगत होता, “असली बाई नशिबी येण्यापेक्षा माणसानं साडेचार तास काय, जन्मभर झाडावर लटकलेलं बरं.”

वर्लिननं मिठाचा गोळा माझ्यापुढे ठेवला आणि वळला.

“मी घाबरलो होतो,” तो म्हणाला.

“काय?”

“त्या लटकण्यानंतर माझ्याच्यानं फूटभरही चढवत नाही. वर्षभर मी एकदाही चढलो नाही. मचाणांत काही दोष नव्हता. ऑर्फाला ते ठाऊक होतं. माझी लाज राखायला तिनं तो तमाशा केला. वाईट झाली ती माझ्यासाठी. भित्रा मी आहे. हसायचं तर मला हसा.”

कुणी हसलं नाही. होबार्टनं कप खाली ठेवला. डेंझिल पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

“हेही वदवून घेतलं तिनं तुझ्याकडून?”

“अरे, खरं सांगतोय!”

“हो रे बाबा. खरंच.”

“खरं आहे ते,” मी म्हणाले. “मला मार्चपासून माहीत आहे.”

“तू गप गं, नेड्रा. बायका बायकांचीच बाजू घेणार.”

“माझ्या आईची शपथ घेतो!” वर्लिन लालबुंद झाला होता.

“शपथसुद्धा घ्यायला लावली,” होबार्ट स्वतःशीच पुटपुटला.

वर्लिन गोळा उचलून बाहेर गेला. आम्ही तिघं काचेतून बघत होतो. पिकअपच्या खिडकीशी उभा राहून तो तिला सगळं सांगत होता. आत काय झालं, कोण काय म्हणालं, हातवारे करून. मग तिनं तोंडावर हात धरला, आणि मग हात काढला आणि अशी हसली की गाडी हलायला लागली. तोही हसू लागला. दाराला टेकून, टोपी हातात घेऊन, डोळे पुसत. शाळेनंतर ऑर्फाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि माझेच डोळे भरून आले.

“बघ,” माझ्या खांद्यामागून डेंझिल म्हणाला, “बिचारा रडतोय आणि ही कशी हसतेय.”