कावळ्याला दिलेला शब्द

गेल्या वर्षी आमच्या घरी रोज संध्याकाळी एक मालिका लागायची. त्यात शहरातली एक आई आपल्या मुलाच्या संशयास्पद मृत्यूचा तपास करते. मी नगरला वर्तमानपत्रात काम करते. शेवगावजवळच्या आमच्या गावी सुट्टीला गेले की आईबरोबर मीही बघायला बसे. शेजारची काकी भाकरी उरकून यायची आणि दाराशी भिंतीला टेकून बसायची. तिने ही मालिका बघू नये असं आईला वाटे, कारण त्याच उन्हाळ्यात काकीचा एकुलता एक मुलगा कालव्यात मेला होता. नवरा आधीच गेला होता.

मुलगा स्वतःच्या ट्रॅक्टरवर ऊस वाहायचा. एका संध्याकाळी गावातलेच दोन मित्र त्याला मोटारसायकलवर घेऊन गेले. निघण्याआधी काकीने तिघांना चहा दिला होता. सकाळी मृतदेह सापडला. डोक्याला मागून जखम होती. मित्र म्हणाले, आम्ही त्याला फाट्यावर सोडलं. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली: दारूच्या नशेत पाय घसरला. खबर द्यायला काकीचा दीर गेला होता. कोणावर संशय आहे का, असं त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. त्या दोघांपैकी एक त्याच्या बायकोचा सख्खा भाचा आहे. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि ठाण्यात जाऊन ते सांगायला एकही माणूस गेला नाही.

काकीचं मागणं एकच होतं. त्या दोघांना बोलावून विचारा. ती ठाण्यात गेली की उत्तर ठरलेलं असे: "मावशी, तुमच्याच घरच्या माणसाने सांगितलंय, संशय नाही. आम्ही काय करणार?"

मालिकेतली आई ठाण्यात शिरली की इन्स्पेक्टर खुर्चीवरून उठायचा.

"बघ, उठला," काकी म्हणायची. "मला बस बी म्हनलं न्हाई कुनी."

"अगं, ती शिकलेली हाय," आई म्हणाली.

"शिकलेली हाय का इस्तरी केलेली? पोरगं मेलंय आन साडीची एक चुनी मोडंना हिची." थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "बाई, मी एक बी भाग चुकवला न्हाई. हिच्या पोराचा दहावा कवा झाला?"

दाखवला नाही, मी म्हणाले.

"मंग हिला काय कळनार? कावळा कुन्या शब्दावर शिवला, तेच हिला ठावं न्हाई."

काकीच्या मुलाच्या दहाव्याला मी होते. नदीकाठी मांडव होता, प्रवचन होतं, पुढाऱ्यांची भाषणं होती. मृत मुलाचं नाव एका वक्त्याने चुकीचं घेतलं. पिंड ठेवला तेव्हा कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. अशा वेळी गेलेल्या माणसाची इच्छा ओळखून ती पुरी करण्याचा शब्द मोठ्याने द्यायचा असतो. हात जोडून माणसं एकेक करून पुढे आली. तुझ्या आईला सांभाळू. तुझा ट्रॅक्टर विकणार नाही. कावळा हलला नाही. ऊन वाढलं, लोक घड्याळं बघू लागले. शेवटी दीर पुढे झाला आणि म्हणाला, "कोन संगं हुतं ते शोधू. तुझ्या आईला घिऊन मी सोता ठान्यात जाईन."

कावळा उतरला. तो का उतरला हे मला माहीत नाही. माणसं मागे सरकली होती, हेही खरं आहे. पण "शिवला, शिवला" असा गलका झाला आणि सगळे जेवायला गेले.

त्यानंतर काकीने विषय काढला की गाव म्हणे, "कावळा शिवला ना? आता कशाला उकरती?" कावळा शिवलेला सगळ्यांच्या लक्षात होता. कशावर शिवला हे मात्र शेदीडशे माणसं एकदम विसरली. मला राग आहे तो या विसरण्याचा. म्हातारपण आलं म्हणून माणसं विसरली नव्हती. सोयीचं होतं म्हणून विसरली होती.

यंदा वर्षश्राद्ध झालं. भाऊबंद जेवायला बसले. काकी स्वतः वाढत होती. दिरापाशी आली तेव्हा तिने त्याच्यापुढची पत्रावळ उचलली.

"भावजी, कावळा तुमच्या शब्दावर जेवला. तुमी न्हाई जेवायचं."

पंगत थांबली. कोणीतरी म्हणालं, "वहिनी, आजच्या दिवशी कशाला?"

"मंग कवा? दुसऱ्या कंच्या दिवशी समदे जेवायला येता ते सांगा, त्या दिवशी बोलते."

"उद्या जाऊ," दीर खाली मान घालून म्हणाला.

"उद्या न्हाई. गाडी काढा."

त्याने पंगतीकडे पाहिलं. त्याची बाजू घेणारं कोणी नव्हतं. काकीचीही घेणारं नव्हतं. सगळे पत्रावळीकडे बघत होते. तो उठला. ती पदर खोचून त्याच्या मागे मोटारसायकलवर बसली. मी माझ्या गाडीवर मागोमाग गेले.

ठाण्यात दोघं उभे राहिले. दीर म्हणाला, माझा संशय आहे. त्याने भाच्याचंही नाव घेतलं. अंमलदाराने पेन खाली ठेवलं आणि हसला. "वर्षानं संशय आला होय, पाटील?"

"मला पयल्या दिसापासून हाय," काकी म्हणाली. "ह्यान्ला आज भूक लागल्यावर आला. लिव्हा."

त्याने लिहून घेतलं. साहेब बाहेर आहेत, कळवू, असं सांगितलं. घरी आल्यावर काकीने त्याला वाढलं, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

मालिका केव्हाच संपली. तिच्यातल्या आईला शेवटच्या भागात खुनी सापडला. इथे हे लिहीपर्यंत त्या दोघांना कोणीही बोलावलेलं नाही. दोघंही गावातच आहेत. काकी दर बाजाराच्या दिवशी शेवगावला जाते, आधी ठाण्यात आणि मग भाजीला.